त्या बाईचं उलट उत्तर

८ जानेवारी, रविवार

पास्टर क्लुत्से म्हणाले, रोज काय वाचलंस आणि वाचून मनात काय आलं ते लिहीत जा. म्हणून ही वही. शाळेच्या कपाटातली घेतली नाही, बोंगोच्या बाजारातून विकत आणली. सुरुवात तरी स्वच्छ असावी.

माझा बाप्तिस्मा ९ एप्रिलला, पुनरुत्थानाच्या रविवारी, गावच्या धरणात ठरला आहे. बायबलात एक हजार एकशे एकोणनव्वद अध्याय आहेत. आजपासून ८ एप्रिलपर्यंत एक्याण्णव दिवस होतात. म्हणजे रोज तेरा अध्याय आणि शेवटच्या दिवशी सहा जादा. मी संख्याशास्त्राची पदवीधर आहे, एवढं जमायला हवं. आमच्या घरात आजवर प्रत्येकाने न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवला आहे. आधी वाचून मग सही करणारी मी पहिली. देवाच्या बाबतीतही तसंच करणार.

समासात दोन खुणा ठरवल्या. समजलं तिथे बरोबर, नाही समजलं तिथे फुली. आजचा हिशेब: अकरा अध्याय बरोबर, एक नुसत्या नावांचा म्हणून बिनखुणेचा, एक फुली. (सहाव्या अध्यायातले राक्षस कुठून आले?)

आजोबांना सांगताना मला धाकधूक होती. घराचे कर्ते तेच, पितरांना कोंबडं वाहणारेही तेच. ते अंगणातल्या मांडवाखाली आडवे होते. म्हणाले, "बायको, पाण्यात बुडवतात म्हणे. परत काढतात ना वर?"

आमच्याकडे आजा नातीला बायकोच म्हणतो, आणि नातीने त्याला सडेतोड उत्तर द्यायचं असतं. मी म्हटलं, "काढतात. तुम्हीही चला. तुमचा मळ निघायला मात्र धरण पुरायचं नाही."

ते ठसका लागेपर्यंत हसले. मग म्हणाले, "जा. तुझ्या नावातच देव आहे, तो काय मला नवा नाही." आयिनपोका, म्हणजे देवाची बाई. मी कधी असा विचार केला नव्हता.

११ जानेवारी, बुधवार

शाळेच्या स्टाफरूममध्ये तेंगान सरांनी माझ्या टेबलावरचं बायबल पाहिलं. ते गणित शिकवतात. ते दगाबा, आम्ही फ्राफ्रा, इथल्या उत्तरेकडच्या दोन जमाती, त्यामुळे आमचं थट्टेचं नातं. पणजोबांच्याही आधीपासून चालत आलेलं. एकमेकांना वाटेल ते बोलायचं आणि रागवायचं नाही.

"कुत्रेखाऊ बाई," ते म्हणाले, "त्यात कुत्र्याच्या मटणाला मनाई आहे का ते आधी बघा. नाहीतर तुमचं अख्खं गाव नरकात."

"असू दे मनाई. निदान तुम्ही आमची कुत्री चोरून न्यायचं थांबवाल."

हेडमास्तरांचा चहा नाकातून आला. तेंगान सर जन्माने कॅथलिक, पण त्यांनी बायबल कधी वाचलेलं नाही. "आमच्याकडे फादर वाचतात, आम्ही उठतो-बसतो," म्हणाले. मला फार वाईट वाटलं. त्यांना वाचनाचा एक तक्ता करून देणार आहे.

१५ जानेवारी, रविवार

वाळवंटी वाऱ्याने आज सगळं गाव पिठासारखं पांढरं केलं आहे. तरी दुपारी बाओबाबच्या झाडाखाली घरच्या बायका टोपल्या विणायला बसल्याच. मी इंग्रजीतलं मनात वाचून आपल्या भाषेत सांगत होते. आदामाच्या वंशावळीचा अध्याय मी ओलांडून पुढे गेले.

"थांब," थोरली आई म्हणाली. थोरली म्हणजे वडिलांची पहिली बायको, माझ्या आईच्या आधीची. तिच्या दातांत गवताची काडी होती, ती चिरून झाल्यावर बोलली. "तू काहीतरी गाळलंस. पान उलटलेलं मला दिसलं."

"नुसती नावं आहेत. कोण कोणाचा मुलगा. कंटाळवाणं आहे."

"ज्याचा बाप माहीत नाही त्याची गोष्ट मी ऐकत नाही. वाच."

वाचलं. कोणीही कंटाळलं नाही. मथुशलह नऊशे एकोणसत्तर वर्षं जगला म्हटल्यावर लारिबा वहिनीचे हात थांबले.

"त्याच्या सुनेचं काय झालं असेल गं," ती म्हणाली.

आई इतकी हसली की तिच्या टोपलीचा पीळ सुटला. ही वंशावळ मी बरोबरची खूण न करता सोडली होती. आता केली.

२२ जानेवारी, रविवार

आज बाप्तिस्म्याच्या वर्गात पौलाचं पत्र घेतलं. मूर्खपणाची बडबड आणि टवाळी पवित्र लोकांना शोभत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. पास्टर क्लुत्से जिभेवर बराच वेळ बोलले. ते दक्षिणेतले, व्होल्टाकडचे आहेत आणि फार शांत बोलतात.

घरी येऊन मोजलं. गेल्या आठवड्यात मी सतरा वेळा टवाळी केली. आजोबांशी नऊ, तेंगान सरांशी सात, एकदा दगाबा बस कंडक्टरशी. सतराही वेळा मला मजा आली, हे लिहिणं भाग आहे. म्हणूनच सोडायला हवं. मजा येत नसती तर सोडण्यात काय मोठेपणा?

उद्यापासून बंद.

२४ जानेवारी, मंगळवार

आजोबांनी हाक मारली, "बायको, पाणी आण. की आज नवऱ्याला तहानेने मारायचं ठरवलंस?"

मी तुंब्यातून पाणी नेलं आणि नीट समजावून सांगितलं. आजोबा, मी तुमची नात आहे. मला तुमच्याबद्दल आदर आहे, म्हणून यापुढे मी तशी उत्तरं देणार नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आदर," ते म्हणाले. अर्धं पाणी प्यायले, तुंबा परत दिला. "बरं. ठीक आहे, आयिनपोका."

त्यांना पटलं असं वाटतं.

शाळेत तेंगान सर म्हणाले, "आज घरी कुत्रं शिजलं नाही वाटतं, चेहरा उतरलाय." मी म्हटलं, "सुप्रभात, सर." त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग विचारलं, मलेरिया झालाय का. नाही म्हटलं. मधल्या सुट्टीत पुन्हा विचारलं. शाळा सुटताना माझ्या टेबलावर मलेरियाच्या गोळ्यांचं पाकीट होतं.

२ फेब्रुवारी, गुरुवार

लेवीय, म्हणजे यज्ञांच्या नियमांचं पुस्तक, मागेच वाचून झालं, पण त्यातल्या अकरा फुल्या तशाच होत्या. कोणता अवयव कोणाला आणि काय जाळायचं, काही डोक्यात शिरेना. म्हणून अंगणात मोठ्याने वाचत बसले.

मांडवाखालून आवाज आला. "काय म्हणालीस? उजवी मांडी कोणाला?"

"याजकाला."

"आणि ऊर?"

"तेही त्यालाच आणि त्याच्या घरच्यांना."

"काळजावरची चरबी?"

"ती जाळतात."

आजोबा उठून बसले. "यांना कोणी शिकवलं? बरोबर कापतात." मग तासभर त्यांनी मला प्रश्न विचारले. व्यंग असलेलं जनावर चालतं का, रक्त कुठे शिंपडतात, परक्याने खाल्लं तर काय. मी वाचून दाखवायची आणि असं का, ते आजोबा सांगायचे. अकरापैकी नऊ फुल्या खोडल्या. विद्यापीठात असा प्राध्यापक मिळाला नाही.

शेवटी म्हणाले, "छान वाचतेस, आयिनपोका. आभारी आहे." अगदी शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखे. माझ्या बोलण्याचा त्यांच्यावर परिणाम झाला आहे. किती शांत झालेत.

१३ फेब्रुवारी, सोमवार

तेंगान सर आता मला "मॅडम" म्हणतात. खडू हवा असला तर "मॅडम, एक खडू मिळेल का" असं विचारतात. वाचनाचा तक्ता मी दिला, तो त्यांनी घडी करून वरच्या खिशात ठेवला. खुणा करायला तो भिंतीवर लावायचा असतो, हे मी सांगितलं. "हो मॅडम," म्हणाले, पण बाहेर काढला नाही.

स्टाफरूम हल्ली फार कंटाळवाणी झाली आहे. कारण कळत नाही. धुळीचे दिवस आहेत म्हणून असेल. बुधवारी सर आले नाहीत तेव्हा तर पंखा फिरतोय तेवढंच ऐकू येत होतं.

२६ फेब्रुवारी, रविवार

मी एकशे छप्पन्न अध्यायांनी मागे पडले आहे. पास्टरांना वही दाखवली. ते म्हणाले, "आयिनपोका, बाप्तिस्मा म्हणजे वार्षिक परीक्षा नाही. ज्याच्या नावाने पाण्यात उतरणार त्याला तर आधी भेट. मार्कचं शुभवर्तमान घे, छोटं आहे."

क्रम मोडणं माझ्या जिवावर आलं होतं. पण मार्क झरझर जातं. येशू एका जागी थांबतच नाही. आजारी माणसं, होड्या, गर्दी, भुकेले लोक. सगळी पानं बरोबरच्या खुणांनी भरली. मला तो फार आवडायला लागला आहे. असं लिहिणं योग्य आहे की नाही माहीत नाही, पण खरं आहे.

५ मार्च, रविवार

सातवा अध्याय.

एक परकी बाई येते. तिच्या मुलीला भुताने पछाडलंय. ती त्याच्या पायांवर पडते. आणि तो म्हणतो, आधी लेकरांना पोटभर खाऊ दे, लेकरांची भाकर घेऊन कुत्र्यांना टाकणं बरं नव्हे.

मी तीनदा वाचलं. इंग्रजीत काही वेगळा अर्थ असेल म्हणून शब्दकोश काढला. कुत्रा म्हणजे कुत्रा.

विद्यापीठात पहिल्या वर्षी वसतिगृहाच्या नळावर रांग होती. माझा नंबर आला तेव्हा एक मुलगी म्हणाली, "आधी घरच्यांचं होऊ दे, उत्तरेकडच्यांनी मग भरावं." मी रिकामी बादली घेऊन परत गेले. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही, आईलाही नाही. तिचं वाक्य आणि हे वाक्य यांत मला काही फरक दिसत नाही.

फुली केली. पेन्सिलीचं टोक मोडलं.

८ मार्च, बुधवार

परवा, सहा मार्चला, आमच्या स्वातंत्र्यदिनाचं संचलन झालं, मुलं छान चालली. माझं लक्ष नव्हतं.

आज पास्टरांकडे गेले. त्यांनी तीन जाड पुस्तकं काढली. म्हणाले, मूळ ग्रीक शब्द 'कुत्रा' असा नाही, 'कुत्र्याचं पिल्लू' असा आहे. घरात पाळलेलं, लाडकं.

"पण पिल्लू झालं तरी कुत्र्याचंच ना?"

"ती तिच्या विश्वासाची परीक्षा होती."

"जिची मुलगी आजारी आहे तिची परीक्षा का घ्यायची?"

पास्टर क्लुत्सेंनी पुस्तकं मिटली. चष्मा काढून पुसला. "माझ्यापाशी एवढंच आहे," म्हणाले. त्यांनी उगाच काही रचून सांगितलं नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटला. पण माझा प्रश्न तसाच राहिला.

१२ मार्च, रविवार

सांगून टाकलं. या ओळींचा अर्थ लागल्याशिवाय मी पाण्यात उतरणार नाही. तो परक्यांना कुत्रं समजत असेल तर मी कोणाच्या नावाने बुडू? पास्टर म्हणाले, दार उघडं आहे, तारीखही तीच ठेवू, तू ठरव.

घरी आईला सांगितलं. तिने बाप्तिस्म्यासाठी पांढरं कापड आणून ठेवलंय.

"एका ओळीसाठी?" ती म्हणाली.

"दोन ओळी आहेत."

"शाळेतही तू अशीच होतीस," ती म्हणाली आणि कापड परत घडी करून पेटीत ठेवलं.

आजोबा ऐकत होते. पूर्वी काहीतरी बोलले असते. आज नुसतं माझ्याकडे बघत राहिले.

१९ मार्च, रविवार

आज जे झालं ते सगळं लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

दुपारी बाओबाबखाली वाचायला बसले. बायकांना मार्क सुरुवातीपासून सांगत होते. सातवा अध्याय आला तसं मी हात धुण्याच्या वादापर्यंत सांगितलं आणि आठव्यावर उडी मारली.

"पुन्हा पान उलटलंस," थोरली आई म्हणाली.

"हे चांगलं नाही. मला सांगायचं नाही."

"कोणाचा बाप गाळलास?"

"बाप नाही. एक आई आहे."

मग तर कोणी सोडेना. आजोबा झाडाच्या पलीकडच्या बाजूला दोरी वळत बसले होते, त्यांचाही हात थांबलेला दिसला. मी सांगायला लागले. परकी बाई. आजारी लेक. पायांवर पडली. भाकर म्हटलं तर आमच्याकडे कोणाला भूक लागणार नाही, म्हणून बाजरीचा सागबो, आमचा रोजचा घाटा, म्हटलं. लेकरांचा सागबो कुत्र्यांपुढे टाकणं बरं नव्हे, असं तो म्हणाला, एवढं सांगितलं आणि मी थांबले. का ते कळत नाही, पण नळावरच्या मुलीचंही मी त्याच दमात सांगून टाकलं.

आईने टोपली बाजूला ठेवली. 

थोरली आई म्हणाली, "आणि ती बाई काय म्हणाली?"

"कोण?"

"तुझ्या पुस्तकातली. त्याने कुत्रा म्हटलं. मग ती काय म्हणाली?"

खरं सांगायचं तर तिच्या उत्तराकडे मी लक्षच दिलं नव्हतं. त्याच्या वाक्यावरच अडकले होते. मी वाचून सांगितलं. ती म्हणाली, खरं आहे महाराज, पण लेकरं खाताना जे सांडतात ते खालची कुत्री खातातच की.

 मग लारिबा वहिनी अशी खिदळली की मांडीवरचं गवत उडालं. थोरलीने मांडीवर थाप मारली. आई तोंडाला कापड लावून हलत होती.

"दिलं," थोरली म्हणाली. "बाईने दिलं ठेवून. मग तो हसला असेल."

"हसला असं लिहिलेलं नाही."

"लिहायला कशाला हवं? पुढे काय केलं त्याने?"

"तो म्हणाला, या बोलण्यासाठी जा, तुझी मुलगी बरी झाली. आणि ती घरी जाऊन बघते तर मुलगी बरी."

"या बोलण्यासाठी," लारिबा म्हणाली. "बघ. असंच लिहिलंय ना? पायावर पडली म्हणून नाही. उलट बोलली म्हणून."

मी पुन्हा पाहिलं. खरंच तसं लिहिलं आहे.

"तिचे लोक आणि याचे लोक थट्टेचे असणार," थोरली अगदी बाजारभाव सांगावा तशी म्हणाली. "नाहीतर कोणी परक्याला तोंडावर कुत्रा म्हणतं का? दगड बसेल. आणि ती रडली नाही, घरी पळाली नाही. ओळखलंच तिने."

"पण मग नळावरची मुलगी?" मी विचारलं. "तिनेही तसंच म्हटलं होतं."

थोरलीने काडी दातांतून काढली. "तू उलट बोलली असतीस तर तिने काय केलं असतं?"

मी विचार केला. "बादली फेकून मारली असती."

"मग ती शिवी. थट्टा आहे की शिवी, हे बोलणाऱ्याच्या पहिल्या वाक्यावरून कळत नाही पोरी. उत्तर ऐकून तो काय करतो, त्यावरून कळतं. यानं काय केलं?"

"मागितलं ते दिलं."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि काडी परत दातांत धरली.

तेवढ्यात झाडाच्या पलीकडून आजोबांचा आवाज आला. कोणाशी असं नाही, दोरीशी बोलल्यासारखा.

"बिचारा दमला असेल. जो येतो तो रडतो आणि पाया पडतो. नुसता आदर, आदर. किती दिवसांत कोणी त्याच्याशी नीट बोललं नसेल. एक बाई भेटली."

 मी पुस्तक मिटलं. त्यांचं हे बोलणं येशूबद्दल नव्हतं.

२० मार्च, सोमवार

स्टाफरूममध्ये तेंगान सर म्हणाले, "सुप्रभात, मॅडम."

मी म्हटलं, "सुप्रभात. आज तुमच्या तोंडाला वास येतोय, आमचं कुठलं कुत्रं गेलं?"

त्यांच्या हातातली खडूची पेटी पडली. सगळे खडू तुटले. ते खाली बसून गोळा करत राहिले, बराच वेळ वर आलेच नाहीत. वर आले तेव्हा म्हणाले, "दोन महिने. कुत्रेखाऊ बाई, दोन महिने. मी बदलीचा अर्ज लिहून ठेवलाय घरी."

बदली कशासाठी, ते कळलं नाही. आमची शाळा तर जिल्ह्यात चांगली म्हणतात. अर्ज फाडून टाका म्हटलं, गणिताचा शिक्षक मिळत नाही.

२२ मार्च, बुधवार

पास्टर क्लुत्सेंना सगळं सांगितलं. थोरलीचं बोलणं शब्दन् शब्द. ते आधी हसले, मग वही मागून घेतली आणि उतरवून काढलं.

"हे बरोबर आहे का?" मी विचारलं.

"माहीत नाही. माझ्या पुस्तकांत नाही. पण पिल्लापेक्षा बरं आहे." मग म्हणाले, "पण तू घरच्यांशी थट्टा का सोडली होतीस?"

"तुम्हीच सांगितलंत. पौलाचं पत्र."

"त्यात घाणेरड्या बोलण्याबद्दल आहे गं. दुसऱ्याला खाली पाडणाऱ्या. आजोबांशी तुम्ही असं बोलता हे मला कुठे माहीत? मी व्होल्टाचा माणूस. मला कोणी सांगितलंच नाही." ते खरंच कानकोंडे झाले.

मी त्यांना सांगितलं, बाप्तिस्मा घेईन. आणि हेही सांगितलं की पाचशेच्या वर अध्याय अजून वाचायचे आहेत. ते म्हणाले, "वाच की नंतर. माझ्याही समासात अजून फुल्या आहेत."

पण एक काम राहिलं आहे. ते पास्टरांच्या हातातलं नाही.

२९ मार्च, बुधवार

आजोबांशी दोनदा प्रयत्न केला. काल सागबो वाढताना म्हटलं, "म्हातारबुवा, ताट चाटू नका, भोक पडेल." पाठ केल्यासारखं बाहेर पडलं. ते म्हणाले, "हं." आज काठी आणून देताना म्हटलं, "ही घ्या तुमची तिसरी बायको." "ठेव तिथे, आयिनपोका," म्हणाले.

सुरुवात त्यांनी करायची असते. ते बायको म्हणतात, मग मी उत्तर देते. मीच दार लावून घेतलं, आता कडी त्यांच्या बाजूला आहे.

बाप्तिस्म्याला याल का विचारलं. गुडघे दुखतात म्हणाले.

७ एप्रिल, शुक्रवार

शुभ शुक्रवार. उपास. आईने पांढरं कापड शिवून आणलं, खांद्याला जरा घट्ट आहे.

पास्टर म्हणाले, पाण्यात उतरण्याआधी मी घरच्या कर्त्याला विचारीन की हे घर हिला आनंदाने देतं का. कोणी कर्ता आला नाही तर मंडळीतला वडीलधारा उत्तर देईल. चालेल म्हटलं. पण मला ते मुळीच चालणार नाही.

९ एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार

केस अजून ओले आहेत, वहीवर पाणी पडतंय.

सकाळी सगळे धरणावर गेलो. थोरली, आई, लारिबा वहिनी. तेंगान सरही आले होते, त्यांच्या चर्चमध्ये सकाळीच मिसा असताना. मिसा बुडवून ते इथे का आले, विचारायला हवं. नवा सदरा घातला होता.

आजोबा घरी मांडवाखालीच होते. निघताना पाया पडले तर डोळे मिटून होते.

पास्टर क्लुत्से आणि मी कमरेइतक्या पाण्यात उभे राहिलो. गाणं संपलं. त्यांनी काठाकडे बघून विचारलं, "आयिनपोकाच्या घरचं कोणी कर्तं माणूस आहे का? हे घर हिला आनंदाने देतं का?"

 मंडळीतले वडीलधारे घसा खाकरून पुढे व्हायला लागले. तेवढ्यात मागे कोणाची तरी सायकल थांबली. मागच्या बैठकीवरून आजोबा उतरले. सणाला घालतात तो पट्ट्यापट्ट्यांचा झगा, डोक्यावर लाल टोपी. लोकांनी वाट दिली. ते पाण्याच्या काठापर्यंत आले आणि काठी रोवली.

"मी कर्ता," ते म्हणाले. "पण देण्याआधी मला एक सांगायचंय. ही तेवीस वर्षं माझी बायको होती. जानेवारीपासून माझ्याशी धड बोलत नाही. मला वाटलं, माझंच काही चुकलं. आता कळलं, हिला दुसरा मिळाला."

पास्टरांनी माझा दंड घट्ट धरला. आजोबांच्या पाठीमागून थोरलीचं खोकणं ऐकू आलं.

आजोबांनी थेट माझ्याकडे पाहिलं. "तर बायको, एवढंच सांग. तो माझ्यापेक्षा कशात बरा?"

बायको. मी रडेन की काय असं वाटलं. पण तिथे रडून चालणार नव्हतं. ते उत्तराची वाट बघत होते.

"तो मेला तरी तिसऱ्या दिवशी उठला," मी म्हटलं. "तुम्ही जेवून आडवे झालात की संध्याकाळपर्यंत उठत नाही."

धरणाच्या काठावर एवढं हसू मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. पास्टर क्लुत्सेंनी मला बुडवलं तेव्हा त्यांचंही हसू थांबलं नव्हतं, त्यामुळे मी पाण्याखाली जरा जास्तच वेळ राहिले. वर आले, नाकातोंडातलं पाणी काढलं, डोळे पुसले. आजोबा काठावर काठी आपटत होते आणि अनोळखी माणसांनाही धरून धरून सांगत होते, "ऐकलंत? ऐकलंत ना काय म्हणाली? माझी बायको आहे."